ऐकत ऐकत गाण्याचा समूह-सराव

अमेरिकन संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस (१९३२–२०१६) यांच्या ‘ट्यूनिंग मेडिटेशन’ या समूहाने गायच्या रचनेसाठी स्वरलिपी लागत नाही, आठ-दहा गळे आणि शांत चित्त पुरेसे असते. नागपूरच्या उन्हाळ्यात सराव करताना कूलर मुद्दाम चालू ठेवावा आणि त्याच्या सलग घरघरीत कोणता स्वर दडला आहे, हे सर्वांनी आधी डोळे मिटून शोधावे. मग प्रत्येकाने दीर्घ श्वास घेऊन, तो संपेपर्यंत मनातला एखादा स्वर ‘आ’कारात लावावा. पुढच्या श्वासाला दुसऱ्या कुणाचा तरी स्वर हेरून त्यात आपला तंतोतंत मिळवावा आणि त्यापुढच्या श्वासाला कुणीच लावलेला नाही असा स्वर घ्यावा. हाच क्रम चालू ठेवावा. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानांना षड्जाची, म्हणजे ‘सा’ची, ओढ लागते. ती आवरणे हे माझ्या मते यातले सर्वांत अवघड काम आहे. शेजाऱ्याचा स्वर ऐकू येईनासा झाला, की आपला आवाज लगेच कमी करावा.