कम्प्युटेशनल फायनान्समध्ये मास्टर्स करायचंय? अर्ज भरण्याआधी एक ऑप्शन प्राइस करून बघा

अर्ज भरायचे दिवस आले की कोणी ना कोणी विचारतंच, कम्प्युटेशनल फायनान्समध्ये, म्हणजे गणित आणि कोड वापरून आर्थिक करारांच्या किमती आणि जोखीम काढण्याच्या विषयात, मास्टर्स करू का, आणि मी उलट एकच विचारतो की एखादा साधा कॉल ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घेण्याचा हक्क) स्वतः कोड लिहून कधी प्राइस केलाय का, म्हणजे त्याची योग्य किंमत काढलीये का. बहुतेक जण नाही म्हणतात, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, पण एवढी मोठी फी भरायच्या आधी ते करून बघायलाच हवं, कारण कोर्सचा गाभा तोच आहे. कुठला शेअर घ्यायचा हे तिथे शिकवत नाहीत.

तर असं करा. शेअरचा भाव १००, स्ट्राइक (तो ठरलेला भाव) १००, मुदत १ वर्ष, व्याजदर ५ टक्के, व्होलॅटिलिटी (भावाचा चढउतार) २० टक्के, डिव्हिडंड नाही. १९७३ साली आलेल्या ब्लॅक-शोल्स फॉर्म्युल्यात हे आकडे टाकले की कॉलची किंमत १०.४५ येते, ही झाली पहिली पद्धत. दुसरी बायनॉमियल ट्री, कॉक्स-रॉस-रुबिनस्टाइनची १९७९ची, मुदतीच्या छोट्या पायऱ्या पाडून प्रत्येक पायरीला भाव वर किंवा खाली जातो असं धरायचं. हिच्यात पायऱ्या वाढवत जा आणि उत्तराचा ग्राफ काढा, ते सरळ १०.४५ कडे जात नाही, सम आणि विषम पायऱ्यांना हेलकावे खात जातं, आणि असं का होतं हा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसेल तर हे क्षेत्र तुमचं आहे असं समजा. तिसरी मॉन्टे कार्लो, म्हणजे भावाचे हजारो रँडम मार्ग (पाथ) बनवून सरासरी काढायची. १०,००० पाथ चालवले तर स्टँडर्ड एरर (उत्तर साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतं ते) साधारण ०.१५ राहतो, आणि तो निम्मा करायला पाथ दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात, म्हणजे ०.०१५ पर्यंत यायला १० लाख. इथे कॉम्प्युटर गरम होतो आणि मग माणूस आपोआप शोधायला लागतो की पाथ न वाढवता एरर कमी कसा करता येईल, अँटिथेटिक व्हेरिएट, कंट्रोल व्हेरिएट वगैरे. वर्गात हेच शिकवतात, पण आधी स्वतः अडलेलं असेल तर ते डोक्यात पक्कं बसतं.

जमलं तर पुट घ्या, म्हणजे ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क. पुट-कॉल पॅरिटीने (कॉल आणि पुटच्या किमती जोडणारं समीकरण) युरोपियन पुट, म्हणजे फक्त मुदत संपतानाच वापरता येणारा, ५.५७ येतो. तोच पुट अमेरिकन केला, म्हणजे मुदतीआधी कधीही वापरता येणारा, की सोपा फॉर्म्युला संपला. ट्रीवर प्रत्येक नोडला (फांद्या फुटतात त्या बिंदूला) आत्ता वापरणं बरं की थांबणं अशी एक तुलना जास्त टाकली की काम होतं, किंमत ६.०९ च्या आसपास येते, पण मॉन्टे कार्लोत ते अवघड आहे कारण पाथ पुढे जातो आणि निर्णय मात्र शेवटाकडून मागे येत काढावा लागतो, त्यासाठी लाँगस्टाफ आणि श्वार्ट्झ यांनी २००१ साली रिग्रेशन वापरायची युक्ती दिली. एवढं सगळं करायला दोन-तीन आठवडे लागतील. ते दिवस आवडले की कंटाळा आला, तेवढं प्रामाणिकपणे बघा.

तयारीबद्दल माझं मत जरा ठाम आहे. फायनान्स आधी येत नसलं तरी चालतं, गणित कच्चं असेल तर चालत नाही. लिनियर अल्जेब्रा, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि सगळ्यात जास्त प्रोबॅबिलिटी, त्यातही कंडिशनल एक्स्पेक्टेशन, कारण स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसचा (रँडम बदलांच्या कॅल्क्युलसचा) अख्खा डोलारा त्यावर उभा आहे. कोडिंगमध्ये पायथन नीट हवं आणि सी प्लस प्लसची निदान भीती जायला हवी.

आता कोर्स निवडायचा. नावं फसवी असतात, फायनान्शियल इंजिनिअरिंग, मॅथेमॅटिकल फायनान्स, क्वांटिटेटिव्ह फायनान्स, कम्प्युटेशनल फायनान्स, यांचा अभ्यासक्रम कधी जवळजवळ सारखा तर कधी एकदम वेगळा, म्हणून नावाआधी तो कुठला विभाग चालवतो ते बघा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधला कोर्स कम्प्युटर सायन्स विभागात आहे, बर्कलीचा फायनान्शियल इंजिनिअरिंगवाला बिझनेस स्कूलमध्ये, कोलंबियात तर इंजिनिअरिंगचा वेगळा आणि गणित विभागाचा वेगळा असे दोन. कार्नेगी मेलनचा १९९४ पासूनचा आहे, तो चार विभाग मिळून चालवतात आणि १६ महिन्यांचा आहे, म्हणजे मधली उन्हाळी इंटर्नशिप त्यात बसते. एका वर्षाच्या कोर्सला खर्च कमी आणि लवकर मोकळे, पण इंटर्नशिपला जागा आहे का, कधी आहे, हे आधी तपासा, पहिली नोकरी बऱ्याचदा इंटर्नशिपमधूनच मिळते.

प्लेसमेंटचे आकडे वाचताना टक्केवारी कशाची आहे ते बघा, सगळ्या वर्गाची की फक्त नोकरी शोधत होते त्यांची, आणि किती महिन्यांनंतरची. त्याखाली पदांची नावं असतात ती पगारापेक्षा जास्त बोलतात. प्रायसिंग, रिस्क, मॉडेल व्हॅलिडेशन, क्वांट डेव्हलपर (अशी मॉडेल्स कोडमध्ये उतरवणारा) असं दिसलं तर कोर्स खरंच या कामाचा आहे. मॉडेल व्हॅलिडेशनला मुलं नाक मुरडतात ते मला अजिबात पटत नाही, दुसऱ्याचं मॉडेल कुठे मोडतं हे शोधण्यात जेवढं शिकायला मिळतं तेवढं क्वचितच कुठे मिळतं. कंपन्यांचं व्हॅल्युएशन, मर्जर वगैरे करायचं असेल तर मात्र ही डिग्री घेऊ नका.

एसओपीत (अर्जासोबतच्या निवेदनात) लहानपणापासून मार्केटची आवड आहे असं लिहू नका, वरचा प्रयोग लिहा, काय अडलं, कसं सोडवलं. शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसापेक्षा तुम्हाला गणित शिकवलेल्या किंवा प्रोजेक्ट करून घेतलेल्या शिक्षकांकडून घ्या.

प्रवेश मिळाला की इंटरव्ह्यूची तयारी कोर्स सुरू व्हायच्या आधीच करा कारण पहिल्या सत्रात श्वास घ्यायला वेळ नसतो आणि इंटर्नशिपचे अर्ज तेव्हाच सुरू होतात. प्रश्न असे येतात: नाणं उडवत राहायचं, लागोपाठ दोन छापे यायला सरासरी किती वेळा उडवावं लागेल? ६. आणि छाप्यामागून काटा यायला? ४. दोन्ही सारखंच वाटतं ना, पण दुसऱ्यात छाप्यानंतर पुन्हा छापा आला तरी तुम्ही होता तिथेच राहता, पहिल्यात मात्र काटा आला की सगळं शून्यापासून. उत्तर पाठ असण्यापेक्षा हे समजावून सांगता येणं महत्त्वाचं, समोरचा तेच ऐकत असतो.

शेवटच्या प्रोजेक्टला विषय लहान घ्या पण खरा डेटा घ्या. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाउ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला, त्यानंतर इंडेक्स ऑप्शन्समध्ये (निर्देशांकावरच्या ऑप्शन्समध्ये) बाजारभावातून उलट काढलेली व्होलॅटिलिटी वेगवेगळ्या स्ट्राइकला वेगवेगळी अशी ठळक दिसायला लागली, तो वक्र हेस्टनच्या १९९३ च्या मॉडेलने (ज्यात व्होलॅटिलिटी स्वतःच बदलत राहते) बसवून बघणं हा अजूनही चांगला विषय आहे. उत्तरं क्वांटलिब या मोफत लायब्ररीशी ताडून बघा. निम्मा वेळ डेटा साफ करण्यात जाईल हे धरूनच चाला, आणि पुट-कॉल पॅरिटी तुटलेली दिसली तर आर्बिट्राज (बिनजोखमीचा नफा) सापडलं असं समजायच्या आधी दोन्ही भाव एकाच वेळचे आहेत का, ऑप्शन युरोपियन आहे का आणि डिव्हिडंड धरलाय का हे तपासा.