पाटील आडनावाच्या फार्मसीवाल्यांनी पेपरांची यादी कशी करायची

आमच्या जळगाव-धुळ्याकडे कुठल्याही फार्मसी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये "पाटील सर" म्हणून हाक मारा, तिघं तरी मान वर करतात. गूगल स्कॉलरचं, म्हणजे कुणाचे कुठले पेपर (शोधनिबंध) छापले ते दाखवणाऱ्या गूगलच्या साईटचं, पण सेम, दुसऱ्या पाटलांचे पेपर आपल्या नावावर चढतात. काही वर्षांपूर्वी प्रमोशनच्या फॉर्मसाठी माझं प्रोफाईल उघडलं तर ४१ पेपर, छातीच फुगली, घाईघाईत तोच आकडा फॉर्मात टाकला आणि इंटरव्ह्यूला समोरच्यांनी शांतपणे विचारलं, "सर, हा केळीच्या करप्यावरचा पेपर तुमचाच का?" घरी येऊन मोजले, माझे निघाले १३.

तर प्रोफाईलवरून यादी कधी उतरवायची नाही बरं का भो. आधी आपली एक्सेल, मग प्रोफाईल. एका ओळीत एक पेपर आणि कॉलम एवढे: वर्ष, शीर्षक, जर्नल, आयएसएसएन (जर्नलचा नंबर), डीओआय (त्या पेपरचा ऑनलाइन नंबर), पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीतला नंबर असेल तर तो, लेखकांत माझा नंबर कितवा, करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा) लेखक मी होतो का, आणि प्रकार काय (ओरिजिनल, रिव्ह्यू, पत्र, कॉन्फरन्सचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट). अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पूर्ण पेपरांत मिसळू नका, कमिटीवाले तेच आधी शोधतात. प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये टाकून उघडून बघा, हे कंटाळवाणं आहे पण कराच, कारण काही जर्नलं नंबर छापून देतात आणि तो कुठेच नोंदवलेला नसतो.

आता एज्युकेशनचे पेपर. आपल्यातले बरेच जण एचपीएलसी (औषधातले घटक मोजायचं तंत्र) आणि टॅबलेटवर काम करता करता मध्येच फार्म डी (डॉक्टर ऑफ फार्मसी) कोर्सच्या पोरांवर एखादा अभ्यास करतात, ओस्की (टेबलागणिक प्रत्यक्ष काम करून दाखवायची) परीक्षा कशी झाली, केस डिस्कशनने फरक पडला का, असलं काही. फार्म डी आपल्याकडे २००८ ला आली, त्यानंतर हे काम वाढलं असं मला तरी वाटतं. हे पेपर वेगळ्या शीटवर घ्या, लॅबच्या पेपरांत ते हरवतात आणि सायटेशनही (दुसऱ्यांनी आपल्या पेपरचे दिलेले संदर्भ) तिथल्यासारखी पटापट येत नाहीत. पण वेगळं काढताना जर्नलच्या नावावर जाऊ नका. इंडियन जर्नल ऑफ फार्मास्युटिकल एज्युकेशन अँड रिसर्च या नावात एज्युकेशन आहे खरं, आत बघाल तर लॅबचेच पेपर जास्त. अमेरिकन जर्नल ऑफ फार्मास्युटिकल एज्युकेशन, जे १९३७ पासून चालू आहे, किंवा करंट्स इन फार्मसी टीचिंग अँड लर्निंग, तिथे मात्र शिकवण्यावरचंच असतं. शंका आली तर एकच विचारा, पेपरातला डेटा औषधाचा आहे का शिकणाऱ्याचा? पबमेडवर पेपरखाली मेश टर्ममध्ये (विषयाचे ठरलेले शब्द) "एज्युकेशन, फार्मसी" दिसलं तर प्रश्नच मिटला. नाही दिसलं तरी घाबरू नका, पबमेडवरचं सगळंच मेडलाईनमध्ये (पबमेडमधला मेश टर्म लावलेला भाग) नसतं.

एक्सेल झाली की ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख नंबर, काढा. फुकट आहे, १६ आकडी नंबर मिळतो, शेवटी कधी कधी एक्स येतो, ती चूक नाही. त्यात डीओआय टाकून एकेक पेपर जोडायचा. मग स्कॉलरवर जाऊन परके पेपर डिलीट मारा, एकच पेपर दोनदा आला असेल तर दोन्ही टिक करून मर्ज करा, आणि सेटिंगमध्ये आपोआप अपडेट बंद करून ईमेलने विचारा हा पर्याय ठेवा, नाहीतर महिनाभरात करपा परत येतो. स्कोपस या पेपर-सायटेशनच्या डेटाबेसवर आपली दोन-तीन प्रोफाईलं झालेली असतात, ती जोडायची विनंती तिथूनच पाठवता येते.

एच-इंडेक्स, म्हणजे किती पेपरांना किमान तितकीच सायटेशन आहेत तो आकडा, हाताने काढून बघा एकदा. समजा पाच पेपरांना २२, ९, ४, ३ आणि १ सायटेशन आहेत. तिसऱ्या पेपरला ३ पेक्षा जास्त आहेत, चौथ्याला ४ पाहिजे होती पण आहेत ३, म्हणून एच-इंडेक्स ३. आय-टेन (१० किंवा जास्त सायटेशनवाले पेपर) फक्त १. फॉर्मात आकड्यासोबत स्कॉलरचा का स्कोपसचा आणि कुठल्या तारखेचा ते लिहा, दोन्हीकडे आकडा वेगळा येतो.

अजून एक, पेपर छापून आला त्याच आठवड्यात जर्नल कुठल्या यादीत आहे त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. याद्या बदलतात, यूजीसीने तर केअर यादीच (त्यांची मान्य जर्नलांची यादी) २०२५ ला बंद केली, आता जुन्या पेपरासाठी पुरावा शोधत बसलेले कितीतरी जण बघतोय.

आणि पुढचा पेपर पाठवण्याआधी सगळ्या लेखकांना व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी स्पेलिंग विचारून घ्या, टाईप करणाऱ्यावर सोडू नका. आमच्या एका चौधरी ताईंचं आडनाव तीन पेपरांत तीन तऱ्हेनं आहे, एकात ए-यू, एकात ओ-यू, एकात शेवटी आयच्या जागी वाय, आणि स्कोपस अजून त्यांना तीन बाया समजतं.