दादाला फोन करायचाय? आधी स्वतःची शुगर तपासून घ्या

सात वर्षं दादाशी बोलणं बंद होतं, कारण नेहमीचंच, वडलांच्या (अप्पांच्या) माघारी वाटणी आणि विहिरीचं पाणी. मागच्या वर्षी तळपायाला मुंग्या यायला लागल्या म्हणून डॉक्टरकडे गेलो तर एचबीएवनसी (शुगरची एक रक्ततपासणी) 8.9, आणि त्यांनी सहज विचारलं, घरात अजून कुणाला आहे का, सख्ख्या भावाला वगैरे? मला सांगताच येईना. सख्ख्या भावाची शुगर माहीत नाही पण त्याच्या सातबाऱ्यावर किती गुंठे आहेत ते तोंडपाठ, अशी गत. तुमचंही असं अडलं असेल तर मी काय केलं आणि काय करायला नको होतं ते सांगतो.

पहिलं काम फोन नाही, तपासणी. आठ तास पोटात काही नसताना शुगर 126 किंवा वर आली तर डायबेटीस, 100 ते 125 म्हणजे काठावर, आणि एचबीएवनसी 6.5 किंवा वर आली तरी डायबेटीसच. (बहुतेक वेळा दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात, एका रिपोर्टवर हाय खाऊ नका.) एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांचा हिशोब दाखवते, त्यामुळं आदल्या दिवशी गोड सोडून तिला फसवता येत नाही, मी केलेला प्रयत्न. खर्चाचं कारण सांगू नका, सरकारी आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर फुकट बघतात. शुगर निघाली तर डॉक्टर देतील त्या गोळ्या सुरू करा, डोळ्याचा पडदा आणि लघवी तपासून घ्या, रोज रात्री तळपाय बघा, आणि मग फोनचं बघू. कारण घाबरलेल्या माणसाचा फोन म्हणजे रडगाणं, समोरच्याला वाटतं हा आता आजारपण पुढं करून हिस्सा मागणार.

माझं नेमकं हेच झालं. मी रिपोर्टचा फोटो दादाला व्हॉट्सअपवर टाकला, खाली लिहिलं "बघ काय झालंय माझं". निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. बरोबरच आहे, सात वर्षांनी पहिला मेसेज आणि त्यात पण मीच मी.

दुसऱ्यांदा वहिनींना फोन केला. बहुतेक घरांत अशी एक वहिनी किंवा आत्या असते जिच्याशी कुणाचंच वाकडं नसतं, तिथून सुरुवात करा, दुपारी, जेवणं उरकल्यावर. मी एवढंच म्हणालो, "वहिनी, मला शुगर निघालीय, डॉक्टर घरातलं विचारतायत, दादाला काय आहे का? आणि अप्पांना नेमकं काय झालं होतं?" पाच मिनिटांत ठेवला. शेताचा विषय काढायचा नाही, त्यांनी काढला तरी "ते नंतर बोलू" म्हणायचं. विचारताना आजाराबरोबर वय पण विचारा, वडील-भावाला 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर डॉक्टर ते वेगळं धरतात.

माफी मागायची असेल तर "माझं चुकलं" वर थांबा, पुढं "पण तू पण..." आलं की सगळं मुसळ केरात. आणि ज्या घरात मारहाण झालीय, जीवाला धोका आहे, तिथं परत जायची काही गरज नाही, तिथली माहिती मावशीकडून घ्या.

संक्रांतीला गावाला गेलो. पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर दाराच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, इन्सुलिनचं पेन. चार वर्षांपासून घेतोय म्हणे, आणि मला पत्ता नाही. वहिनींनी दोघांपुढं बिनसाखरेचा चहा ठेवला, न विचारता. मग त्यांनीच शिकवलं, दादाला घाम सुटून हात थरथरायला लागले की शुगर बघायचं मशीन लावायचं, 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, 15 मिनिटांनी परत बघायचं, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. तुम्ही गेलात तर हे तुमच्या घरीही विचारून घ्या.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझी किती आलीवती?" म्हटलं 8.9. "माझी 11 होती पहिली," असं म्हणाला, जरा ऐटीतच. आता दर तीन महिन्यांनी माझा आकडा आला की मी त्याला फोन करतो, सध्या 7.1 आहे. विहिरीचं अजून मिटलेलं नाही.