सामू शिकवताना लिंबू बाजूला ठेवा

लिंबू, साबण, चुना आणि लिटमस आणलं की आम्ल-आम्लारीचा धडा झाला, असं सांगणारे बरेच भेटतात. रंग बदलतात, पोरं खूश होतात. मग सामूवर, म्हणजे द्रावणातल्या हायड्रोजन आयनांवरून त्याची आम्लता सांगणाऱ्या आकड्यावर (पीएच), विचारा, ‘सामू ३ च्या द्रावणात सामू ५ पेक्षा हायड्रोजन आयन किती पट जास्त?’ अख्खा वर्ग ओरडतो, ‘दोन पट, सर!’ खरं उत्तर शंभर पट.

आधी शब्दांचा गुंता सोडवा. बेळगाव-खानापूरकडं घरात आम्लारी, कन्नड माध्यमातल्या मित्राकडं प्रत्याम्ल आणि ट्यूशनला बेस. तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, खाली ‘सामू म्हणजेच पीएच’ लिहा आणि पुढं चला.

हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत लाल होतो, पण आम्लात पिवळाच राहतो. आम्लासाठी जास्वंदीचा अर्क घ्या, तो गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. एक तास पुरे. आणि ‘चव घेऊन बघा’ हा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा.

आता खरी अडचण. सामूची एक पायरी म्हणजे दहा पट, हे तोंडानं सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. करून दाखवायला हवं. मी पहिल्यांदा लिंबाचा रस घेतला. एक भाग रस, नऊ भाग पाणी, परत एक भाग, परत नऊ. दर वेळी सामू एकानं वाढायला हवा होता, तो वाढला जेमतेम अर्ध्यानं. सायट्रिक आम्ल सौम्य आहे, पाणी घालत जाल तसे त्याचे आणखी रेणू आयन सोडतात. वर्गासमोर उभं राहून हे कळणं काही बरं नव्हे.

दुसऱ्या वर्षी हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं आणि पाणी घेतलं शाळेच्या बोअरचं. सामू १, मग २, आणि तिसऱ्या नळीत एकदम ७ च्या आसपास! बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटनं आम्ल खाऊन टाकलं होतं. पोरं हसली. तेव्हापासून मी ऊर्ध्वपातित पाणीच वापरतो. गॅरेजमध्ये ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळतं ते, पण बाटली वाचून घ्या. बॅटरीचं आम्लही तिथंच शेजारी ठेवलेलं असतं.

०.१ मोलरचं हायड्रोक्लोरिक आम्ल शिक्षकानंच तयार करायचं. बाटलीतलं संहत, म्हणजे दाट आम्ल (साधारण १२ मोलर) ८.३ मिली, हळूहळू पाण्यात, आणि एकूण १ लीटर. आम्लात पाणी कधीच ओतू नका. मग चार नळ्या: पहिलीत १० मिली आम्ल, बाकी तिन्हींत ९-९ मिली पाणी. एकीतलं १ मिली पुढच्या नळीत, हलवा, पुढं चला. सामू कागदावर १, २, ३, ४ दिसतात. फळ्यावर त्यांच्याखाली हायड्रोजन आयनांचं प्रमाण (मोलरमध्ये) ०.१, ०.०१, ०.००१, ०.०००१ लिहा आणि गप्प बसा. ‘दशांशचिन्हानंतरची घरं मोजायची, सर!’ कुणीतरी म्हणतंच. सामू वाढला की आम्लता का घटते, हेही त्याच क्षणी सुटतं. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सामूची पट्टी काढणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेनला असली शून्यं लिहायचा कंटाळा टाळायचा होता, एवढं सांगितलं की पुरे.

आठव्या नळीपर्यंत जाऊ नका. तिथं सामू ८ येणार नाही, ७ च्या अलीकडंच अडकणार. पाण्याचे स्वतःचे आयन असतात, पण तो विषय दहावीत नको. कुणी हुशार पोरगं विचारेल तर त्याला तासानंतर थांबवा.

शेवटी माती. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली तांबडी आणि अथणीकडची काळी. १० ग्रॅम माती, २५ मिली तेच ऊर्ध्वपातित पाणी, अर्धा तास ढवळत राहा, निवळू द्या, वरच्या पाण्यात कागद बुडवा. पावसानं धुतलेली तांबडी बहुधा ७ च्या खाली, काळी वर. दोन्हींत फरक किती पायऱ्यांचा आणि म्हणून किती पट, एवढंच वहीत लिहायला सांगा.