जखमेचा ठणका कसा वाचावा

पायात काटा रुतला की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने तिच्यामागून मंद, पसरत जाणारी जळजळ सुरू होते. कळ पातळ आवरणाच्या मज्जातंतूंवरून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावते, तर जळजळ वाहणाऱ्या आवरणहीन तंतूंचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर असतो. जखमेत जंतू वाढत आहेत की नाही, हे मात्र या पहिल्या दुखण्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढचे दोन-तीन दिवस ठणक्यावर लक्ष ठेवावे लागते.

जखम प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली, हे डॉक्टरांना सांगावे. मग लाली जिथे संपते तिथे त्वचेवर पेनाने रेघ ओढावी आणि शेजारी वेळ लिहावी. सकाळ-संध्याकाळ, शक्यतो सारख्याच उजेडात, लाली रेघेबाहेर गेली आहे का ते पाहावे, बोटांची मागची बाजू टेकवून ऊब जोखावी आणि दुसऱ्या पायाच्या त्याच जागेशी तुलना करावी. जखमेपासून दोन बोटे दूर हलकेच दाबून तिथेही दुखते का, हेही लिहून ठेवावे.

या काळात आत काय चालते हे ठाऊक असले, तर या नोंदींचा अर्थ लागतो. जखम होताच त्वचेतल्या पहारेकरी पेशी रसायने सोडून इशारा देतात, काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे दाखल होतात, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मॅक्रोफेज या भक्षक पेशींची संख्या वाढते. या पेशींनी सोडलेली प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये वेदनातंतूंच्या टोकांना हळवे करतात. या टोकांवर उष्णता ओळखणारा एक ग्राहक (संदेश टिपणारे प्रथिन) असतो, जो एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसला जागा होतो. मिरचीतले कॅप्सेसिनही त्यालाच चेतवते, आणि त्याच धाग्यावरून अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ मध्ये शोधून काढला. सूज असताना त्याचा उंबरठा खाली येतो, म्हणून आंघोळीचे कोमट पाणीसुद्धा जखमेभोवती चटका देते. पहिल्या दोन दिवसांतला असा हळवेपणा स्वाभाविक आहे. तो त्यानंतर उतरू लागायला हवा. तिसऱ्या दिवशी ठणका वाढत असेल, झोपमोड करत असेल किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आले असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

वेदना केवळ आपल्याच पेशी निर्माण करतात असे पूर्वी मानले जाई. २०१३ मध्ये हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी उंदरांवर दाखवले की स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू स्वतःच वेदनातंतूंना चेतवतो: त्याचे एक विष तंतूच्या पटलाला भोके पाडते. दुखण्याची चढउतार सुजेपेक्षा जंतूंच्या संख्येशी अधिक जुळली. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की चेतलेले हे तंतू उलट रोगप्रतिकारक पेशींची आवकच रोखतात. मांस कुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गातही उंदरांमध्ये हेच आढळले, आणि या आजाराची सुरुवातीची खूण माणसांत नेमकी हीच असते: वरून त्वचा फारशी बिघडलेली दिसत नाही, पण वेदना असह्य असते. दिसते त्याच्या मानाने दुखणे फारच जास्त असेल, किंवा लालीच्या रेषा वर चढत असून थंडी-ताप आला असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वेदनाशामक गोळी घेतल्यास तिची वेळही नोंदवावी आणि जखमेची तपासणी पुढची गोळी घेण्याच्या आधी करावी. गोळीने ठणका थांबतो, जंतू मरत नाहीत.

एवढे सारे सांगितले ते तंतू शाबूत असलेल्यांसाठी. मधुमेहात पायाचे तंतू झिजतात आणि कुष्ठरोगाचे जंतू तर मज्जातंतूंच्या आवरण-पेशींतच वस्ती करतात. अशा पायात खिळा घुसला तरी माणूस दिवसभर चालत राहतो. मला सर्वांत जास्त काळजी याच न दुखणाऱ्या जखमेची वाटते. संवेदना घरीच तपासता येते, आणि इंग्लंडमधल्या इप्सविच येथे रूढ झालेली ही पद्धत अगदी सोपी आहे. मधुमेही व्यक्तीने डोळे मिटून पडावे. दुसऱ्याने दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या यांच्या टोकांना एक-दोन सेकंद नुसते बोट टेकवावे. दाबू नये, घासू नये आणि एकदा कळले नाही तर पुन्हा स्पर्श करू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना सांगावे. अशा व्यक्तीने रोज रात्री आरशात तळवे पाहावेत, पादत्राणे घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा खिळा नाही याची खात्री करावी, आणि फोड, चीर वा ओलसर डाग दिसल्यास, तो मुळीच दुखत नसला तरी, दुसऱ्याच दिवशी दाखवावा.