उन्हाळ्यात ईसी-पीएच मीटरचे कॅलिब्रेशन: चुका कुठे होतात

उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते आणि पाण्यातले क्षार वाढत जातात. ईसीचा (पाण्याच्या विद्युत वाहकतेचा, जी क्षारांबरोबर वाढते) आकडा वाढलेला दिसला की पाणी खरेच बिघडले की मीटर सरकले, हे आधी ठरवावे लागते. त्यावर पाण्याची पाळी आणि खताची मात्रा दोन्ही अवलंबून असतात. मीटर सरकले असेल तर दोष बहुधा यंत्रात नसतो. तो अस्वच्छ प्रोबमध्ये (मीटरच्या पाण्यात बुडवायच्या भागात), शिळ्या द्रावणात नाहीतर तापमानात सापडतो.

म्हणून कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ठाऊक आकड्याच्या द्रावणाशी मीटर जुळवण्याच्या, आधी सफाई. ईसी प्रोबच्या टोकांवर हात लावल्यावर खरखरीत लागणारा पांढरट थर बहुधा चुन्याचा असतो. तो तसाच ठेवून कॅलिब्रेट केले तर मीटर त्या थरासकट जुळते, आणि पुढे थर सुटला की सगळी मापे चुकतात. प्रोब पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 10 ते 15 मिनिटे बुडवून डिस्टिल्ड वॉटरने धुवावा. शेवाळ किंवा चिकटपणा असेल तर द्रव साबणाचे पातळ पाणी पुरते. पीएच (आम्लता-अल्कता) मोजणाऱ्या प्रोबचा, म्हणजे इलेक्ट्रोडचा, काचेचा गोळा मात्र कापडाने घासू नये. काचेवर चरे पडतात, स्थिर वीज तयार होते आणि आकडा स्थिरावत नाही. टिश्यू पेपरने पाणी फक्त टिपून घ्यावे. हा गोळा कोरडा पडू देऊ नये, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्येही बुडवून ठेवू नये. टोपणात 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण ठेवावे. सुकलाच असेल तर याच द्रावणात रात्रभर भिजवावा.

पीएचसाठी आधी 7 चा बफर (ठरलेल्या पीएचचे द्रावण), मग आपले पाणी ज्या बाजूला झुकते त्या बाजूचा. खताचे द्रावण 5.5 ते 6.5 च्या दरम्यान ठेवत असाल तर 4 चा, विहिरीचे पाणी 8 च्या आसपास असेल तर 10 चा. 10 चा बफर सर्वांत नाजूक. उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचा पीएच उतरतो. तो लहान बाटलीत घ्यावा, झाकणावर उघडल्याची तारीख लिहावी. वापरलेला बफर पुन्हा बाटलीत ओतू नये. एवढ्या एका सवयीने अख्खी बाटली वाया जाते.

तापमान भरपाई असली की तापमानाची काळजी नको, हा गैरसमज पक्का बसलेला असतो. मीटरमधली ही भरपाई तापमानामुळे इलेक्ट्रोडच्या प्रतिसादात पडणारा फरक दुरुस्त करते, बफरचा स्वतःचा पीएच बदलतो तो फरक नाही. 25 अंश सेल्सिअसला 10.01 असलेला बफर 40 अंशांना 9.89 च्या आसपास येतो. मीटर आपोआप बफर ओळखणारे नसेल तर बाटलीवरच्या तक्त्यातला त्या तापमानाचा आकडा भरावा. कॅलिब्रेशननंतर मीटर दाखवते तो स्लोप (आदर्श इलेक्ट्रोडच्या तुलनेत प्रतिसाद) 95 ते 105 टक्के असेल तर इलेक्ट्रोड ठीक आहे. सफाईनंतरही तो 90 च्या खालीच राहत असेल तर इलेक्ट्रोड बदलावा.

ईसीसाठी 1413 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरचे प्रमाण द्रावण वापरतात, म्हणजे 1.413 डेसिसिमेन्स प्रति मीटर. धुतलेला ओला प्रोब थेट त्यात घातला तर द्रावण पातळ होते, म्हणून आधी त्याच द्रावणाच्या थोड्या भागाने प्रोब खंगाळून तो भाग टाकून द्यावा. मग बुडवून हलके हलवावे. टोकांमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा कमी येतो. ईसी दर अंशाला सुमारे 2 टक्के बदलते. बांधावर उन्हात तापलेला प्रोब गार पाण्यात घालून लगेच वाचन घेतले तर भरपाईही चुकीच्या तापमानाने होते. प्रोब आणि पाणी एका तापमानाला येईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे.

एकाच पेल्यात दोन्ही मोजायचे असतील तर ईसी आधी, पीएच नंतर. पीएच इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड झिरपते आणि ईसी फुगते. टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा) आकडा मीटर ईसीला गुणकाने गुणून काढते, म्हणून तो दुसऱ्याच्या मीटरशी ताडताना गुणक पाहावा: 1 डेसिसिमेन्सचे पाणी 0.5 गुणकाने 500 पीपीएम दिसते, 0.64 ने 640.

दिवसभराची मापे झाली की ईसी प्रोब पुन्हा ताज्या 1413 च्या द्रावणात घालावा. फरक 5 टक्क्यांहून जास्त निघाला तर त्या दिवसाच्या नोंदी बाद धरून, सफाई आणि कॅलिब्रेशन करून पुन्हा मोजावे.