आधी भिंत मोजा, मग कॅमेरा

पोर्ट्रेट स्टुडिओ वाढवायचा ठरला की पहिली चर्चा कॅमेऱ्याची होते. खरेदीची यादी उलट्या टोकाने, गिऱ्हाइकाच्या घरातल्या भिंतीपासून सुरू करा. पुढची बरीचशी खरेदी तीच ठरवते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफ्यामागे मोकळी भिंत मिळते ५-६ फूट, त्यातही एखादा स्विचबोर्ड आडवा येतोच. तिथे २० बाय ३० इंचांची एक फ्रेम शोभते, किंवा १२ बाय १८ च्या तीन उभ्या: इंचभर मोल्डिंग (फ्रेमची पट्टी) आणि मध्ये दोन-दोन इंच सोडले तर सगळं ४६ इंचांत बसतं. बुकिंग घेतानाच भिंतीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा आणि भिंतीवर ए-फोर कागद चिकटवायला सांगा. तो २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो, बाकीची मापं त्यावरून निघतात. आणि या मापांचे नमुने स्टुडिओत मढवून टांगा. नाहीतर लोक मोबाइलवर फोटो बघून ८ बाय १२ मागतात आणि घरी सोफ्यामागे तो पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो.

माप आधी कळलं की फोटो काढतानाच कडेला जागा सोडता येते. कॅमेऱ्याचं प्रमाण २:३. ८ बाय १२ त्यात जसंच्या तसं बसतं. ८ बाय १० मागितलं की लांबीतले २ इंच जातात, आणि ते नेमके आजीच्या अंबाड्यावरून नाहीतर पायांच्या बोटांवरून जातात. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणायचा असेल तर चारही बाजूंनी दीड ते दोन इंच कडेला वळतात, तेवढी पार्श्वभूमी जास्तीची घ्या. कापायचंच असेल तर मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापा. गुडघा, घोटा, मनगट या सांध्यांवर कापलं की अवयव तुटल्यासारखा दिसतो.

आता मढवणं. इथे मुंबईची हवा हिशेबात धरावीच लागते, जुलैत ती ८० टक्क्यांच्या वर दमट असते. फोटो काचेला चिकटून बसवला तर दमटपणाने त्याचा पृष्ठभाग काचेलाच धरतो आणि सोडवताना शाई किंवा थर निघून येतो. मध्ये माउंट (फोटोभोवतीचा, खिडकी कापलेला पुठ्ठा) किंवा कडेला बारीक स्पेसर (काच लांब ठेवणारी पट्टी) हवाच. माउंट ॲसिड-फ्री घ्या, साधा पुठ्ठा काही वर्षांत कडेने पिवळा पडतो. माउंटची खिडकी फोटोपेक्षा प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर लहान ठेवा. दोन इंचाचा माउंट लावल्यावर १२ बाय १८ ची फ्रेम आतल्या मापाने जवळपास १६ बाय २२ होते, भाव सांगताना हे विसरू नका. पाठीला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) नको, तो ओल धरून फुगतो, सनबोर्ड (फोमची हलकी शीट) बरा. खालच्या दोन कोपऱ्यांत रबरी बुटं लावा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते, आणि बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका असं स्पष्ट सांगा. मोठ्या मापात काचेऐवजी ३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक वापरा: हलकं, फुटत नाही, फक्त अमोनिया असलेल्या काच-क्लीनरने पुसू नये, धुरकट होतं.

कॅमेऱ्याचा प्रश्न यातच सुटतो. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. २० बाय ३० इंचांवर इंचाला बरोबर २०० पिक्सेल येतात, आणि भिंतीवरचा फोटो ४-५ फुटांवरून बघायला तेवढे पुरेत. त्यापेक्षा दोन मेमरी कार्डांची सोय असलेली कॅमेरा बॉडी आणि तिच्याच जातीची दुसरी, जुनी का होईना, जवळ असणं जास्त गरजेचं.

जागा भाड्याने घेण्याआधी मात्र टेप घेऊनच जा. फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरच्या लेन्सने उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला सुमारे १८ फूट अंतर लागतं. मागे पडद्यापर्यंत ५ फूट, तुम्हाला उभं राहायला २ फूट, म्हणजे २५ फूट झाले. असा गाळा परवडणं कठीण. ५० मिलिमीटरने तेच काम साडेदहा फुटांत होतं आणि १७-१८ फुटांची खोली चालते. ८५ चेहऱ्यासाठी राखून ठेवा, तिथे साडेपाच फूट पुरतात. जागा कमी म्हणून ३५ मिलिमीटर लावून सात जणांचं कुटुंब कोंबू नका, कडेचे दोघं रुंद दिसतात आणि नेमके तेच फोटो नापसंत करतात. छत साडेनऊ फुटांखाली असेल तर फॉल्स सीलिंगचा मोह टाळा. भिंतींचा क्रीम रंग चेहऱ्यावर उतरतो. पांढरा किंवा राखाडी मॅट द्या.

लाइटमध्ये दोन स्ट्रोब (स्टुडिओचे फ्लॅश), एक ४०० आणि एक २०० वॅट-सेकंद ताकदीचा, ही सुरुवात. उजेड मऊ करायला १२० सेंटिमीटरचा ऑक्टा (अष्टकोनी सॉफ्टबॉक्स), ३० बाय १२० ची एक स्ट्रिप (अरुंद लांब सॉफ्टबॉक्स), आणि ८ बाय ४ फुटांचे दोन सनबोर्ड: एक बाजू पांढरी, दुसरी काळी मॅट. कुटुंबाच्या फोटोत हमखास होणारी चूक म्हणजे लाइट जवळ ठेवणं. पहिला माणूस लाइटपासून ३ फुटांवर आणि शेवटचा ६ फुटांवर असेल तर शेवटच्याला चौथाईच उजेड मिळतो. लाइट ८-९ फूट मागे न्या, फरक आपोआप कमी होतो. मोठा स्ट्रोब त्यासाठीच. एफ/८, १/१६०, आयएसओ १०० वर स्ट्रोब बंद ठेवून एक फोटो काढा. तो काळा आला पाहिजे. काही दिसलं तर खोलीतल्या ट्यूबलाइटचा रंग मिसळतोय. सोळा ॲम्पिअरचे सॉकेट एसीपासून वेगळ्या सर्किटवर आणि अर्थिंग तपासलेलं हवं. स्टँडवर ५ किलोची वाळूची पिशवी ठेवा, पंखा ऑक्टा पाडतो.

पडद्याच्या कागदाचा रोल २.७२ मीटर लांब असतो आणि जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो जात नाही. जिना मोजा. रोल उभाच ठेवा, आडवा ठेवला तर मधे झोल येतो. कापडी पडद्यासाठी मंगलदास मार्केट, जुन्या खुर्च्या आणि चौकटींसाठी चोरबाजार.

प्रसंगांची तयारी वेगळी लिहून ठेवा. संक्रांतीला काळी साडी किंवा काळं झबलं आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने: काळ्यावरून उजेड मोजला तर हलवा जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो, म्हणून लाइट मीटर चेहऱ्याशी धरा आणि पडदा काळा नको, मागून स्ट्रिपने कड काढा. पैठणीच्या जरीवर समोरून थेट लाइट टाकला की सोनं पांढरं होतं. ऑक्टा बाजूला वळवून त्याच्या उजेडाची कड वापरा. नऊवारीच्या निऱ्या आणि पाऊल दोन्ही चौकटीत हवं. साठीशांतीच्या फोटोत आजी-आजोबा खुर्चीवर, बाकीची डोकी वेगवेगळ्या उंचीवर, फोकस पुढच्या ओळीच्या डोळ्यांवर. चष्मा असेल तर दांड्या कानावरून किंचित उचला, चमक खाली जाते.

लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी धरते. एसीतून बाहेर नेताना अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

फ्रेम पोहोचवायच्या आदल्या दिवशी भिंत कसली आहे ते विचारा. नव्या टॉवरांतल्या मायवानच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) काँक्रीट भिंतीत खिळा वाकतो, हॅमर ड्रिल आणि ६ मिलिमीटरचा प्लग न्या. जिप्समच्या पार्टिशनला वेगळा अँकर लागतो. सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल चालू देत नाहीत का, तेही विचारून घ्या.